करिंथच्या मंडळीतला डोक्यावरच्या पदराचा वाद: एक प्रकरण अभ्यास

उपासनेत बाईने डोकं झाकावं की नाही हा विषय निघाला की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये लगेच दोन बाजू पडतात. एक म्हणतो वचनात स्पष्ट लिहिलंय, विषय संपला. दुसरा म्हणतो ते त्या काळचं होतं, विषय संपला. दोघंही पहिलं करिंथ, म्हणजे प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेलं बायबलमधलं पहिलं पत्र, त्याच्या अकराव्या अध्यायाचं नाव घेतात पण करिंथमध्ये नेमकं काय चाललं होतं ते बघायला कुणी थांबत नाही. म्हणून मी इथे एकच केस घेतेय, जिच्यातून पुढचं सगळं निघालं ती. गाव कसं होतं, मंडळीत कोण कोण होतं, बायका काय करत होत्या, पौलाने काय सांगितलं आणि त्याच गावात पुढे दीडशे वर्षांनी काय चालू होतं, इथपर्यंत जाऊ. आपलं मराठी मंडळ्यांचं मध्येमध्ये येईलच कारण मी त्यातलीच आहे आणि महिला मंडळात हा अध्याय शिकवायची वेळ माझ्यावर येते.

गाव

करिंथ म्हटलं की डोळ्यासमोर जुनं ग्रीक शहर येतं, पण पौल गेला ते करिंथ रोमी लोकांनी नव्याने वसवलेलं होतं. जुनं शहर इसवी सनापूर्वी १४६ मध्ये रोमी सेनापती मुम्मियसने उद्ध्वस्त केलं, मग जवळजवळ शंभर वर्षं ते तसंच पडीक, आणि इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने तिथे रोमी कॉलनी उभी केली आणि बरेचसे मुक्त झालेले गुलाम तिथे आणून बसवले. म्हणजे पौलाच्या वेळी तिथे अशी कितीतरी घराणी असणार ज्यांचे पणजोबा गुलाम होते आणि आत्ताची पिढी व्यापारात पैसा करून समाजात मान मिळवायला बघतेय. एका बाजूला लेखायोन बंदर, दुसऱ्या बाजूला किंख्रिया बंदर, दोन्ही समुद्रांचा माल इथूनच जायचा. अशा गावात कोण काय घालतो, कोण कुणाच्या शेजारी बसतो, कुणाची बायको कशी बाहेर पडते, हे सगळं लोक बारकाईने बघतात.

इथे एक गोष्ट क्लिअर करते कारण ती मी संदेशांमधून लहानपणापासून ऐकत आले. ती अशी की करिंथमध्ये अफ्रोदितेच्या देवळात हजार देवदासी होत्या, त्यांची डोकी भादरलेली असायची, आणि ख्रिस्ती बायका त्यांच्यासारख्या दिसू नयेत म्हणून पौलाने डोकं झाकायला सांगितलं. ऐकायला एकदम फिट्ट बसते. पण हजारांचा आकडा स्त्राबो नावाच्या भूगोलकाराचा आहे आणि तो बोलतोय ते आधीच्या, उद्ध्वस्त झालेल्या करिंथबद्दल, आणि त्यांची डोकी भादरलेली होती असं तर तोही म्हणत नाही. देवाच्या वचनाला आधार द्यायला अशा ऐकीव गोष्टी लागत नाहीत, आणि त्या नादात शेजारी बसलेल्या बॉबकट केलेल्या मुलीकडे लोक कसे बघायला लागतात ते मी बघितलंय, म्हणून ही गोष्ट सांगणं बंद व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आता डोकं झाकण्याची त्या काळची पद्धत. प्लुतार्ख हा ग्रीक लेखक करिंथपासून फार लांब नसलेल्या गावचा, पौलानंतर साधारण पन्नास वर्षांनी लिहितोय, आणि रोमी चालीरीतींबद्दल बोलताना तो म्हणतो की चारचौघांत बायकांनी डोकं झाकून आणि पुरुषांनी उघड्या डोक्याने जाणं हेच जास्त रूढ आहे. वालेरियस माक्सिमस हा रोमी लेखक जुन्या काळच्या कडकपणाचा नमुना म्हणून एका रोमी सरदाराची गोष्ट सांगतो, बायको उघड्या डोक्याने बाहेर दिसली म्हणून त्याने तिला सोडून दिलं. यहुद्यांमध्येही मिश्ना या त्यांच्या धर्मनियमांच्या संग्रहात नोंद आहे की बायको डोकं न झाकता बाहेर गेली तर नवरा तिला स्त्रीधन न देता सोडू शकतो. पौलाच्या स्वतःच्या तार्स गावात तर बायका रस्त्यावर चेहरासुद्धा झाकून जायच्या असं दियो नावाच्या वक्त्याने लिहिलंय. पण चित्र इतकंही सरळ नाही, कारण त्याच काळातले राजघराण्यातल्या बायकांचे पुतळे बघितले तर केसांची मोठी रचना केलेली आणि डोक्यावर काहीच नाही असे कितीतरी आहेत. म्हणजे डोकं झाकणं ही घरंदाज लग्न झालेल्या बाईची ओळख होती, तरी सगळ्या बायका सगळीकडे झाकून असायच्याच असं म्हणता येत नाही.

आणि पुरुषांचं काय, तर हा भाग आपल्याकडे जवळजवळ वाचलाच जात नाही. रोमी पद्धतीत यज्ञबळी देणारा पुरुष टोग्याचा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या रोमी वस्त्राचा, पदर डोक्यावर ओढून घ्यायचा. करिंथच्याच उत्खननात सम्राट ऑगस्टसचा संगमरवरी पुतळा सापडलाय, टोगा डोक्यावरून घेतलेला, देवाला अर्पण करतानाचा, आणि तो तिथल्या म्युझियममध्ये आहे. गावचे प्रतिष्ठित लोक धर्मकार्य असंच करायचे. हे आपल्याला समजायला युरोपातल्या माणसापेक्षा सोपं जावं, कारण आपल्याकडेही सत्यनारायणाला बसलेला यजमान डोक्यावर टोपी घालूनच बसतो आणि तोच माणूस ख्रिस्ती झाला की चर्चमध्ये आल्यावर टोपी काढतो. तर पौल चौथ्या वचनात पहिल्यांदा पुरुषालाच सांगतो की डोक्यावर काही घेऊन प्रार्थना करू नको. सुरुवात पुरुषांपासून आहे हे लक्षात ठेवा.

माणसं

पौल करिंथला आला तो इ.स. ५० च्या सुमारास. ही तारीख इतकी नक्की सांगता येते कारण बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात ज्या गल्लियो या रोमी अधिकाऱ्यासमोर त्याला उभं केलं त्याचं नाव ग्रीसमधल्या दल्फीला सापडलेल्या शिलालेखात आहे आणि त्यावरून त्याच्या अधिकाराचा काळ ५१-५२ च्या आसपास बसतो. पौल तिथे दीड वर्ष राहिला. अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहून तंबू शिवायचं काम करायचा, सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोममधून घालवलं तेव्हा हे दोघं करिंथला आलेले. नंतर पौल इफिसला असताना तिथून त्याने हे पत्र पाठवलं, साधारण ५४-५५ मध्ये.

बायका बघा. प्रिस्किल्ला, जिने नवऱ्याबरोबर बसून अपुल्लो या उपदेशकाला प्रभूचा मार्ग नीट समजावून सांगितला. ख्लोवे, जिच्या घरच्या माणसांनी करिंथमधल्या भांडणांची बातमी पौलाला दिली, म्हणजे माणसं बाळगून असलेली बाई. फिबी, किंख्रियाच्या मंडळीची सेविका, जिने पुष्कळांना आणि खुद्द पौलाला मदत केली असं तो रोमकरांना लिहितो. शिवाय सातव्या अध्यायावरून कळतं की मंडळीत विधवा होत्या, कुमारिका होत्या, नवरा विश्वासात नसलेल्या बायका होत्या आणि गुलामही होते. एरास्तासारखा शहराचा खजिनदारही पुढे याच गावच्या माणसांत दिसतो. सगळे एकाच छताखाली, आणि ते छत देवळाचं नव्हतं, कुणाच्यातरी घराचं होतं. गायसाच्या घरी सगळी मंडळी जमायची असं रोमच्या पत्रात आहे.

माझ्या मते अर्धी अडचण तिथेच सुरू झाली. घरात बाई उघड्या डोक्याने वावरते, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण रविवारी त्याच घरात परके पुरुष येतात, आणि चौदाव्या अध्यायात पौल म्हणतो तसे विश्वास न ठेवणारेही आत येऊन बसतात. मग ती जागा घर की चारचौघांची बैठक? यजमानीण म्हणणार माझं घर आहे. शेजारची बाई म्हणणार अगं पण ही उपासना आहे. आणि त्यांच्यात जी दासी बसलीय तिला तर घरंदाज बाईचा पेहराव करायचा मानच समाजाने दिलेला नाही, तिने काय करायचं?

नेमकं घडलं काय

आता मुद्द्याची गोष्ट, जी मला वाटतं सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. पाचवं वचन नीट वाचा. जी बाई डोकं न झाकता प्रार्थना करते किंवा संदेश देते, असं आहे ते. म्हणजे करिंथच्या बायका जमलेल्या मंडळीत मोठ्याने प्रार्थना करत होत्या आणि देवाकडून आलेला संदेश सांगत होत्या. पौलाला त्याचं आश्चर्य वाटत नाही, तो ते थांबवत नाही, ती गोष्ट गृहीत धरून पुढचं बोलतो. यात नवीनही काही नव्हतं म्हणा, पेंटेकॉस्टच्या दिवशी पेत्राने योएल संदेष्ट्याचं वचन सांगितलं त्यात तुमचे पुत्र व तुमच्या कन्या संदेश देतील असं होतंच आणि कैसरियात फिलिप्पाच्या चार मुली संदेश द्यायच्या.

यावर लोक चौदावा अध्याय काढतात, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं ते. बरोबर, तेही त्याच पत्रात आहे. पण मग अकराव्या अध्यायात बोलायचं कसं ते सांगून चौदाव्यात सरसकट बोलूच नका असं तोच माणूस कसा म्हणेल, याचं उत्तर द्यावं लागतं, आणि चौदाव्यातलं गप्प राहणं हे तिथल्या संदर्भातल्या प्रश्न विचारण्याबद्दल, गोंधळाबद्दल आहे असं धरलं तरच दोन्ही अध्याय एकत्र उभे राहतात. चौदाव्याने अकरावा खोडता येत नाही.

काही बायकांनी डोक्यावरचं काढलं ते का, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. मला एक खूण महत्त्वाची वाटते. गलतीकरांस पत्रात पौल म्हणतो यहुदी-ग्रीक नाही, दास-स्वतंत्र नाही, पुरुष-स्त्री नाही. करिंथकरांना बाराव्या अध्यायात हेच लिहिताना तो यहुदी-ग्रीक म्हणतो, दास-स्वतंत्र म्हणतो आणि तिसरी जोडी गाळतो. म्हणजे करिंथमध्ये कुणीतरी तेच वाक्य धरून बसलं असावं की आता स्त्री-पुरुष फरक उरला नाही, मग ही बाईपणाची खूण तरी कशाला. मला त्या बायका उद्धट वाटत नाहीत. त्यांनी सुवार्ता मनावर घेतली होती, खरोखर मनावर घेतली होती.

पौलाने काय सांगितलं

दुसऱ्या वचनापासून सोळाव्यापर्यंत तो एकामागून एक कारणं देत जातो. ख्रिस्त-पुरुष-स्त्री-देव असा मस्तकाचा क्रम. मानापमान. उत्पत्तीतली निर्मिती. देवदूत. निसर्ग. आणि शेवटी मंडळ्यांची रीत. मध्येच अकराव्या-बाराव्या वचनात तो स्वतःच ब्रेक मारतो की प्रभूमध्ये स्त्री पुरुषाशिवाय नाही आणि पुरुष स्त्रीशिवाय नाही, पुरुषही स्त्रीपासूनच जन्माला येतो आणि सगळं देवापासून आहे. आठव्या-नवव्या वचनाचा (स्त्री पुरुषापासून आणि पुरुषासाठी झाली) धागा पकडून कुणी बाईला खाली दाबायला जाऊ नये म्हणूनच ते लिहिलंय हे मला तरी अगदी स्पष्ट दिसतं, आणि जे पाळक आठवं-नववं वाचून थांबतात त्यांनी पुढची दोन वचनं वाचून दाखवायलाच हवीत.

केसांची गोष्ट. पंधराव्या वचनात लांब केस हे तिला आच्छादनासाठी दिलेत असं आहे, त्यावरून पुष्कळ जण म्हणतात मग केस हेच आच्छादन, कापडाची गरज नाही. हे मला पटत नाही. केस हेच आच्छादन असेल तर सहावं वचन, ती झाकत नसेल तर तिने केसही कापावेत, याचा अर्थच लागत नाही. दुसरा एक गट म्हणतो विषय मोकळे सोडलेले विरुद्ध बांधलेले केस हा आहे, आणि त्यांच्याकडे जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातले आधार आहेत, पण मला तरी पौल डोक्यावरच्या कापडाबद्दलच बोलतोय असं वाटतं.

दहाव्या वचनात तो देवदूतांचं कारण देतो, ते अवघड आहे. कुम्रानच्या, म्हणजे मृत समुद्राजवळ सापडलेल्या जुन्या यहुदी, लिखाणात जमलेल्या मंडळीमध्ये पवित्र दूत हजर असतात म्हणून तिथे काही गोष्टी चालणार नाहीत असा विचार सापडतो, त्यामुळे उपासनेत देवदूत सोबत आहेत, तेव्हा नीट वागा असा अर्थ मला जवळचा वाटतो. तिथेच तो म्हणतो बाईच्या डोक्यावर अधिकार असावा. पुष्कळ भाषांतरांत अधीनतेची खूण असा सूर लावलाय. पण बोलणारी, प्रार्थना करणारी बाई समोर ठेवून वाचलं तर तो तिचा अधिकार आहे, बोलण्याचा अधिकार. डोक्यावर कापड घेऊन ती उभी राहिली की गावातल्या कुणालाही तिला हलकं समजून गप्प करता येणार नाही. आणि मंडळीतल्या सगळ्याच बायकांनी झाकलं तर त्या दासीलाही तोच मान मिळतो जो बाहेरच्या समाजाने तिला नाकारलाय. हा अर्थ मी अनुमानाने काढतेय, तसं वचनात लिहिलेलं नाही, पण त्या मंडळीत कोण कोण बसलं होतं ते बघता मला तो पटतो.

निसर्गाच्या मुद्द्याबद्दल एक बारीक गोष्ट. पुरुषाने केस लांब वाढवणं त्याला लाजिरवाणं आहे असं निसर्गच शिकवतो, असं तो म्हणतो. पण नाजीर, म्हणजे देवाला वाहिलेल्या, शमशोनाचे केस देवाच्याच सांगण्यावरून वाढवलेले होते. आणि प्रेषित १८:१८ मध्ये काय आहे, तर करिंथ सोडताना किंख्रिया बंदरात डोक्याचे केस कापले कारण नवस होता, आणि बहुतेक जण ते पौलाबद्दलच आहे असं धरतात. म्हणजे केस वाढवलेला पौल करिंथकरांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. तेव्हा निसर्ग म्हणजे इथे त्या लोकांना सहज शोभणारं-न शोभणारं, असंच घ्यावं लागतं. त्याच जागी तो म्हणतो तुम्हीच आपसात ठरवा, हे शोभतं का.

शिक्षा कुठे आहे?

या केसमधला माझ्यासाठी सगळ्यात मोठा पॉइंट हा आहे. याच पत्राच्या पाचव्या अध्यायात बापाची बायको ठेवलेल्या माणसाबद्दल पौल म्हणतो त्याला तुमच्यातून घालवून द्या. सहाव्यात भावाभावांच्या कोर्टकचेऱ्यांबद्दल तो म्हणतो तुम्हाला लाजवण्यासाठी हे बोलतो. आणि अकराव्यातच सतराव्या वचनापासून प्रभुभोजनाचं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचं, येतं, पैसेवाले आधी येऊन खाऊन-पिऊन घेतात आणि गरीब उपाशी राहतो, तिथे तो म्हणतो मी तुमची वाहवा करत नाही, आणि पुढे तर यामुळे तुमच्यात पुष्कळ जण दुर्बळ आणि आजारी आहेत आणि कितीतरी मेलेत असंही लिहितो.

आणि डोक्यावरच्या आच्छादनाचा भाग सुरू कसा होतो? दुसऱ्या वचनात, मी तुमची वाहवा करतो, असं म्हणून. त्यात घालवून देणं नाही, प्रभुभोजनापासून लांब ठेवणं नाही, आजार-मरणाचा इशारा नाही. शेवटी इतकंच की कुणाला यावर वाद घालायचाच असेल तर आमची आणि देवाच्या मंडळ्यांची तशी रीत नाही. म्हणजे पौलाने त्याला वजन दिलंय, कारणं दिलीत, पण ते ठेवलंय समजावण्याच्या कप्प्यात. आणि आपल्या कितीतरी मंडळ्यांमध्ये उलटं झालंय. पदर घसरला तर मागच्या बाकावरून डोळे वटारले जातात, जीन्सवर आलेल्या मुलीला दारातच ओढणी हातात दिली जाते आणि प्रभुभोजनाच्या वेळी तिला बसवून ठेवलेलंही मी बघितलंय. आणि त्याच मंडळीत पुढची बाकं कुणाची आणि मागची कुणाची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, जेवणावळीत कोण कुठल्या पंगतीला बसतो हे ठरलेलं असतं, त्यावर एक संदेश होत नाही. ज्या गोष्टीला पौलाने मरणाचा इशारा दिला ती आपण चालवून घेतो आणि जी त्याने समजावून सांगितली तिच्यासाठी शिक्षा करतो. मला याचा फार त्रास होतो.

पुढे करिंथमध्ये काय झालं

करिंथकरांस दुसऱ्या पत्रात या विषयाचा उल्लेखसुद्धा नाही. पहिल्या शतकाच्या शेवटी रोमच्या मंडळीने करिंथला एक लांब पत्र पाठवलं, क्लेमेंटचं पत्र म्हणून ते ओळखलं जातं, त्यात भांडण आहे ते मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, पदावरून काढल्याचं. म्हणजे डोक्यावरच्या आच्छादनावरून मंडळी फुटली नाही, फुटली ती सत्तेवरून.

मग पौलानंतर साधारण दीडशे वर्षांनी आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये तर्तुल्यन नावाचा लेखक कुमारिकांनी डोकं झाकावं की नाही यावर एक आख्खं पुस्तक लिहितो, कारण त्याच्या गावात लग्न झालेल्या बायका झाकायच्या आणि बिनलग्नाच्या मुली उपासनेत उघड्या डोक्याने बसायच्या. त्यात तो आपल्या बाजूचा पुरावा म्हणून सांगतो की आजही करिंथकर आपल्या कुमारिकांची डोकी झाकतात, प्रेषितांनी शिकवलं ते त्यांच्या शिष्यांनी मान्य केलं. ज्या गावाला पत्र लिहिलं त्या गावाने त्याचा अर्थ कसा घेतला याची ही साक्ष आहे आणि डोकं झाकायला नको म्हणणाऱ्यांनी ती प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवी. करिंथने ते कापडच समजलं आणि ते पुढेही पाळलं. पण त्याच पुस्तकातून हेही दिसतं की त्या काळीसुद्धा एका मंडळीची पद्धत एक आणि दुसरीची दुसरी होती, आणि तरी त्या एकमेकींना मंडळीच मानत होत्या, हे तर्तुल्यन स्वतःच मान्य करतो.

त्याच्या पुस्तकात शेवटीशेवटी एक तक्रार आहे ती वाचून मी थबकले. काही बायका कानापर्यंतही न पोचणाऱ्या छोट्याशा टोप्या घालतात म्हणे, आणि काही तर प्रार्थनेची वेळ आली की कापडाची किनार, एखादा गोंडा, नाहीतर एखादा धागा टाळूवर ठेवतात आणि झाकलं असं समजतात. अठराशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. आपल्याकडे प्रार्थना करू या असं पाळकांनी म्हटलं की बायका पदराचं, ओढणीचं टोक घाईघाईने डोक्यावर टाकतात आणि आमेन झालं की खांद्यावर घेतात, काही ठिकाणी रुमालही चालतो. नियम कडक केला की माणसं किमान किती केलं म्हणजे चालेल तेवढंच करतात. मग ज्या मानासाठी ते होतं तो मान राहतो बाजूला.

नंतरच्या शतकांचं थोडक्यात. कॅथलिक मंडळीने १९१७ च्या कायद्यात पुरुषांनी उघड्या डोक्याने आणि स्त्रियांनी डोकं झाकून, विशेषतः प्रभूच्या मेजाजवळ जाताना, असा नियमच घातला होता, १९८३ च्या नव्या कायद्यात तो ठेवला नाही. त्याआधी १९७६ मध्येच रोमने एका अधिकृत दस्तऐवजात हा नियम त्या काळच्या रीतीवर आधारलेला आणि कमी महत्त्वाचा असल्याचं म्हटलं होतं. ब्रदरन नावाच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांपैकी पुष्कळ आजही डोकं झाकण्याची रीत पाळतात आणि मनापासून पाळतात.

आपल्या मातीत हे वचन कसं ऐकू येतं

मुंडणाचा उल्लेख. डोकं न झाकणं हे भादरलेल्या बाईसारखंच आहे, असं पौल लिहितो, आणि करिंथकरांना त्यातली लाज कळत होती. महाराष्ट्रात ही लाज कुणाला वेगळी समजावून सांगायची गरज नव्हती, कारण इथे विधवेचं केशवपन करून तिला ती लाज जबरदस्तीने दिली जायची. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं ते अशा मुलींसाठीच. रमाबाई स्वतः विधवा. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, म्हणजे हा अकरावा अध्यायसुद्धा एका विधवेने मूळ भाषेतून मराठीत लिहून काढलाय. केशवपन बघितलेल्या, त्या बायकांना आसरा दिलेल्या हाताने हे मुंडणाचं वचन कागदावर उतरवलं, याचा विचार आला की मला ते वचन पुन्हा हळू वाचावंसं वाटतं. आणि त्याच मुक्तीमध्ये १९०५ च्या आध्यात्मिक जागृतीत मुली आणि बायका मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या, टोळ्या करून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जात होत्या. करिंथच्या पाचव्या वचनातल्या बायका मला तिथे दिसतात.

म्हणून माझं मत असं. पौलाने करिंथच्या बायकांना डोक्यावर कापड घ्यायला सांगितलं, ते खरंच कापड होतं, आणि ते त्यांनी बोलावं म्हणून होतं, बोलताना त्यांचा आणि मंडळीचा मान राहावा म्हणून. आपण कापड ठेवलं आणि बोलणं काढून घेतलं. आमच्या महिला मंडळातल्या एक आजी, नऊवारीचा पदर कानामागे घट्ट खोवलेला, गुरुवारी अशी प्रार्थना करतात की सगळ्यांचे डोळे भरून येतात, नाव घेऊन, घरं घेऊन, कुणाचा मुलगा दारू पितो कुणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत ते सगळं देवापुढे ठेवतात. रविवारी त्याच आजी चौथ्या बाकावर गप्प बसलेल्या असतात. आयुष्यभर डोक्यावर पदर, आणि रविवारच्या उपासनेत त्यांना कुणी प्रार्थनेला उठवलंय असं मला आठवत नाही. पाचवं वचन पाळायचंच असेल तर ते अर्धं का पाळायचं?

ज्या बहिणी प्रभूसाठी म्हणून डोकं झाकतात त्यांना जुनाट म्हणू नये, हे तरुणांना सांगते. करिंथने ते दीडशे वर्षं जपलं, त्यात काही कमीपणाचं नाही, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्यावरून जे चालतं ते थांबवा. आणि आजच्या पुण्या-मुंबईत उघडं डोकं म्हणजे बदनाम बाई असा अर्थ कुणाच्याच मनात येत नाही, त्यामुळे जिला ते घ्यायचं नाही तिच्यावर सक्ती करण्याइतकं बळ मला या अध्यायात सापडत नाही, प्रभुभोजनापासून थांबवण्याइतकं तर मुळीच नाही. गावातल्या मंडळीत जिथे अजून पदर न घेणं म्हणजे मोठ्यांचा अपमान समजला जातो तिथे पाहुणी म्हणून गेल्यावर मी स्वतः घेते, कारण तिथल्या बायांनी माझं ऐकावं अशी माझी इच्छा असते.

आमच्या पाळकसाहेबांना आणि वडिलांना मी हेच मांडलं. या विषयावर नियम करायच्या आधी पुढचे काही रविवार उपासनेतली मध्यस्थीची प्रार्थना बहिणींकडे द्या, पदरवाल्या आणि बिनपदराच्या दोघींकडे, आणि सुरुवात त्या आजींपासून करा.